रॅममधलं ओपनडब्ल्यूआरटी आणि फ्लॅशवरचं ओपनडब्ल्यूआरटी

गेल्या महिन्यात एका गुरुवारी संध्याकाळी सोसायटीतला इंजिनिअरिंगचा मुलगा दारात उभा. एका हातात उघडा राउटर, दुसऱ्यात त्याचं झाकण. "काका, ओपनडब्ल्यूआरटी उडालं." (ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरवर कंपनीच्या फर्मवेअरच्या, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरच्या, जागी चढवता येणारी खुली प्रणाली.) सोमवारपासून मस्त चाललं होतं म्हणे. वायफायचं नाव बदललं, जाहिराती अडवणारं पॅकेज टाकलं, आजीच्या मोबाइलवरसुद्धा सगळं सुरळीत. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली, दुपारी आली, आणि राउटरवर परत कंपनीचं जुनं पान. "ब्रिक झाला का हो?"

ब्रिक झालेला, म्हणजे बंद पडून नुसती वीट झालेला राउटर जुनं पान दाखवत नाही, तो काहीच दाखवत नाही. (हल्ली पासवर्ड विसरला तरी लोक "ब्रिक झाला" म्हणतात, ते सोडा.) त्याच्या राउटरवरून ओपनडब्ल्यूआरटी उडालं नव्हतं, कारण ते बसलंच नव्हतं. तीन दिवस ते रॅममध्ये, म्हणजे लाइट गेली की कोरी होणाऱ्या मेमरीत, पाहुणं होतं.

ही एक गफलत मी इतक्या वेळा निस्तरली आहे की आता एकदाच लिहून ठेवतो. गोंधळाचं मूळ "फ्लॅश मारला" या शब्दांत आहे. राउटरवर काहीही चढवलं की आपण "फ्लॅश मारला" म्हणतो, मग ते फ्लॅश चिपवर, म्हणजे लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीवर, गेलेलं असो वा नसो.

ज्यांचा राउटर ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राउटरांच्या यादीत आहे, त्यांना दोन फाइली तोंडपाठ असतात. फॅक्टरी म्हणजे कंपनीच्या पानातून चढवायची, तिला कंपनीला चालेल असं वेष्टन असतं. सिसअपग्रेड म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी आधीच असेल तर त्यावर चढवायची. संपलं. यावर तासन् तास वाद घालणाऱ्यांचं मला नवल वाटतं. तुमचा राउटर यादीतच नसेल तर तुमच्यासाठी तयार फॅक्टरी फाइल कोणी बनवलेलीच नाही, त्यामुळे तो वाद तुमचा नाहीच. तुम्ही सोर्स कोड उतरवून, जवळच्या भावंडाची, म्हणजे मिळत्याजुळत्या राउटरची, डीटीएस फाइल (राउटरच्या हार्डवेअरचं वर्णन) नक्कल करून, स्वतः बिल्ड करणार, म्हणजे कोडमधून फर्मवेअर बनवणार. बिल्ड झाल्यावर फोल्डरमध्ये दोन फाइली शेजारी शेजारी पडतात: एकीच्या नावात इनिटरॅमएफएस, दुसरीच्या नावात सिसअपग्रेड. एकाच कोडमधून, एकाच मिनिटाला बनलेल्या. घोळ इथे होतो.

इनिटरॅमएफएस फाइलमध्ये कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि अख्खी फाइल सिस्टम एकत्र बांधलेली असते. यूबूट, म्हणजे राउटर चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा बूटलोडर, ती लॅपटॉपवरून टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल आणायची साधी पद्धत) ओढून रॅममध्ये ठेवतो आणि तिथूनच उडी मारतो. फ्लॅशला हात लागत नाही. त्यामुळे लाइट गेली की सगळं पुसलं जातं आणि जुनं फर्मवेअर जागं होतं. म्हणून ती सुरक्षित. सिसअपग्रेड फाइल मात्र फ्लॅशवर लिहिण्यासाठी असते: कर्नल, त्यामागे दाबून बसवलेली, फक्त वाचता येणारी फाइल सिस्टम म्हणजे स्क्वॅशएफएस, आणि उरलेल्या जागेत तुमच्या सेटिंग्जसाठी लिहिता येणारा थर, म्हणजे ओव्हरले.

मीडियाटेकची चिप असलेल्या बऱ्याच राउटरांवर यूबूटचा मेनू येतो, तो राउटरच्या आतल्या सिरियल पिनांवरून लॅपटॉपवर दिसतो. १ दाबलं तर टीएफटीपीने रॅममध्ये घेऊन चालव, २ दाबलं तर टीएफटीपीने घेऊन फ्लॅशवर लिही, ९ दाबलं तर बूटलोडरच नवा लिही. एका आकड्याचा फरक, आणि काहीच दाबलं नाही तर काही सेकंदांत तो आपला जुनं फर्मवेअर चालू करून मोकळा. सिरियल जोडायची कृती तुम्हाला माहीत असणारच: टीएक्स, आरएक्स, ग्राउंड, तीनच तारा. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या यूएसबी-टीटीएलवर (सिरियल लॅपटॉपला जोडायचा अडॅप्टर) जम्पर असेल तर तो ३.३ व्होल्टवर आहे ना हे पाहा, चौथी तार जोडू नका. वेग ११५२०० वर कचराच दिसत असेल तर ५७६०० करून पाहा. पण मेनू आला की आधी १. नेहमी १. पहिल्याच प्रयत्नात २ दाबणाऱ्याला मी धाडसी म्हणणार नाही, मी त्याला वेगळंच काही म्हणेन.

आपण रॅममध्ये आहोत हे ओळखायचं कसं? एसएसएचने (लॅपटॉपवरून राउटरला आज्ञा द्यायची सोय) आत शिरून माउंटची, म्हणजे जोडलेल्या फाइल सिस्टमची, यादी पाहा. बसवलेल्या राउटरवर ओव्हरलेची ओळ फ्लॅशच्या एखाद्या विभागावर (नावात एमटीडी किंवा यूबीआय) टेकलेली असते, रॅममधल्या राउटरवर ती नसतेच. लुसी, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीचं ब्राउझरमधलं सेटिंग्जचं पान, असेल तर पानाच्या डोक्यावर ठळक पट्टीही येते की तुम्ही रिकव्हरीत आहात, सेटिंग्ज टिकणार नाहीत. आमच्या मुलाने ती पट्टी तीन दिवस पाहिली होती. "मला वाटलं नेहमीचीच सूचना असेल."

इथवरचं कोणीही दोन वाक्यांत सांगेल. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

इनिटरॅमएफएस छान चालली, म्हणजे सिसअपग्रेड नीट बसेल, असं नाही. लोक धरून चालतात की ही रंगीत तालीम आहे. तालीमच आहे, पण अर्ध्याच नाटकाची. रॅममधून चालल्यावर तुम्हाला एवढंच कळतं की चिप ओळखली गेली, रॅम पुरली, लॅनचे पोर्ट बोलतात, दिवे लागतात, बटण दाबलेलं कळतं. फ्लॅशवर कुठून कुठपर्यंत काय आहे, हा नकाशा तुमच्या डीटीएसमध्ये लिहिलेला असतो, आणि रॅममधून चालताना त्याची परीक्षा जवळजवळ होतच नाही. नकाशा चुकला असला तरी राउटर आठवडाभर हसतखेळत चालेल. मग तुम्ही तिथूनच सिसअपग्रेडची आज्ञा देता, आणि ती आज्ञा त्याच चुकलेल्या नकाशावर विसंबून लिहायला लागते.

हा नकाशा राउटरच्या मुख्य चिपवरून ठरत नाही. एमटी७६२८ ही स्वस्त राउटरांतली नेहमीची चिप घ्या. तिच्या पुष्कळ राउटरांवर सुरुवातीला १९२ किलोबाइट यूबूट, मग ६४ किलोबाइट यूबूटची सेटिंग, मग ६४ किलोबाइट फॅक्टरी नावाचा विभाग (वरच्या फॅक्टरी फाइलीशी संबंध नाही, यात वायफायची माहिती असते), आणि ३२०व्या किलोबाइटपासून फर्मवेअर. त्याच चिपच्या दुसऱ्या काही राउटरांवर मात्र वायफायची ही माहिती फ्लॅशच्या शेवटच्या ६४ किलोबाइटमध्ये असते. "काका, चिप तर तीच आहे" हे वाक्य म्हणजे "दोन्ही फ्लॅट टू-बीएचकेच आहेत, मग माझी किल्ली तुमच्या दाराला लागेलच."

आणि ही माहिती म्हणजे काय? तुमच्या हातातल्या त्याच एका राउटरचं, कारखान्यात मोजून लिहिलेलं रेडिओचं कॅलिब्रेशन आणि त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांक. इंटरनेटवरून दुसऱ्याचं उतरवून टाकणं म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावणं, दिसतं पण नीट नाही. फर्मवेअर हजार वेळा बिघडवा, परत चढवता येतं. हे एकदा गेलं की गेलं.

माझं गेलं आहे. जुन्या बाजारातून आणलेला ८ मेगाबाइट फ्लॅशचा राउटर होता, कॅलिब्रेशन शेवटच्या ६४ किलोबाइटमध्ये. मी लिहिलेल्या डीटीएसमध्ये फर्मवेअरची सुरुवात बरोबर होती, शेवट नेमका ६४ किलोबाइट पुढे. बेरजेची चूक. इनिटरॅमएफएस सुंदर चालली. सिसअपग्रेड केलं, राउटर उठला, वायफाय आलं, सेटिंग्ज टिकल्या. मी समाधानाने चहा टाकला. दुसऱ्या रीबूटनंतर वायफाय दिसत होतं, पण पलीकडच्या खोलीत सिग्नल पोचेना, आणि मॅक ॲड्रेस दर वेळी नवाच.

झालं असं की माझी फाइल तर जेमतेम ६ मेगाबाइटची होती, ती शेवटपर्यंत पोचलीच नव्हती. म्हणजे लिहिताना काहीच बिघडलं नाही. पण पहिल्या बूटला ओव्हरले उरलेली सगळी जागा आपली मानतो आणि मागच्या मागे ती पुसत जातो. वायफायच्या ड्रायव्हरने कॅलिब्रेशन त्याआधीच वाचून घेतलं होतं, म्हणून पहिल्या दिवशी सगळं ठीक. पुसणं नंतर शेवटापर्यंत पोचलं. डीटीएसमध्ये मी त्या विभागाला केवळ-वाचनाचं कुलूपही लावलं होतं, पण नकाशात फर्मवेअरचा विभाग त्याच ६४ किलोबाइटवर चढलेला आणि त्याला कुलूप नाही, म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार उघडं.

म्हणून फ्लॅशवर काहीही लिहिण्याआधी कंपनीचं मूळ फर्मवेअर सुरू होतानाची सिरियलवरची नोंद काढून ठेवा. त्यात एमटीडी विभागांची यादी असते, प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट. शेजारी तुमच्या बिल्डची /प्रोक/एमटीडी आणि बूटच्या नोंदी ठेवा आणि ओळीला ओळ लावा. शेवटच्या ओळीकडे पहिल्या ओळीपेक्षा जास्त लक्ष. वायफायचा मॅक राउटरखालच्या स्टिकरशी जुळतो का पाहा. जुळला तर कॅलिब्रेशन योग्य जागेवरून वाचलं जातंय ही चांगली खूण. पण ते तिथे सुरू होतं एवढंच त्यातून कळतं. फर्मवेअर त्याच्यावर चढत नाही, हे आकडे पाहूनच कळेल.

मग सगळ्या एमटीडी विभागांची प्रत. ती राउटरच्या /टीएमपी मध्ये ठेवून निश्चिंत झोपणारे लोक मी पाहिलेत. अहो, /टीएमपी सुद्धा रॅमच! लॅपटॉपवर ओढून घ्या. नव्या लिनक्सवर एससीपी (फाइल ओढून घ्यायची आज्ञा) अडला तर मोठ्या ओचा पर्याय द्या, राउटरवर एसएफटीपी नसतो म्हणून तो अडतो.

शेवटी सिसअपग्रेड, छोट्या एनसह, म्हणजे जुन्या सेटिंग्ज न ठेवता. मोठा एफ, म्हणजे जबरदस्तीचा पर्याय, नको. इनिटरॅमएफएस आणि सिसअपग्रेड तुम्ही एकाच उपकरणासाठी बिल्ड केल्यात, म्हणजे फाइलीतलं उपकरणाचं नाव आणि चालू राउटरचं नाव जुळायलाच हवं. ते जुळत नाही म्हणून आज्ञा अडली, तर ती तुमच्या बाजूने बोलते आहे. तिच्यावर जबरदस्ती करण्याआधी फोल्डरमधून भलतीच फाइल उचललीत का ते बघा.

उलट चूकही होते: मेनूत २ दाबून इनिटरॅमएफएसच फ्लॅशवर लिहायची. कधी कधी ती चालतेसुद्धा. मग दर रीबूटला राउटर कोरा करकरीत, आणि मालक महिनाभर म्हणत बसतो की ओपनडब्ल्यूआरटीत सेटिंग्ज सेव्ह होत नाहीत.

एक बारीक गोष्ट. राउटरला किमान ८ मेगाबाइट फ्लॅश आणि ६४ मेगाबाइट रॅम नसेल तर या सगळ्याच्या वाटेला जाऊ नका. ज्या डब्ल्यूआरटी५४जी वरून २००४ साली या प्रकल्पाला नाव मिळालं, त्यात ४ आणि १६ होतं, हे खरं. तो काळ वेगळा होता.

आमच्या मुलाने परवा दोन्ही याद्या कागदावर उतरवून आणल्या. पहिल्या तीन ओळी चोख. फर्मवेअरची ओळ मूळ यादीत जिथे संपते, त्याच्या पुढे ६४ किलोबाइट त्याची संपत होती. मी काही बोललो नाही, पेन्सिलने गोल केला. डीटीएस दुरुस्त करून नवीन बिल्ड करेपर्यंत तो जुन्या बिल्डवरच रॅममधून चालवतोय, आणि गुरुवारसाठी त्याने राउटरला कॉम्प्युटरचा जुना यूपीएस लावलाय. आजीला ब्रेक नको म्हणाला.