घरी बसायचे पैसे?

"अमेरिकेत सरकार शेतकऱ्याला शेती न करण्याचे पैसे देतं" हा फॉरवर्ड जुनाच. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर तो टिकलाय. १९८५ च्या शेती कायद्याने एक योजना आणली: धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षं पिकाखालून काढा, सरकार वार्षिक भाडं देईल. पण जमीन नुसती पडीक ठेवून चालत नाही. तिथे गवत किंवा झाडं लावून राखावी लागतात. भाडं कौंटीतल्या (म्हणजे साधारण आपला जिल्हा) खंडाच्या दरावर ठरतं, आणि सहसा कौंटीच्या पीकजमिनीपैकी २५ टक्क्यांहून जास्त घेत नाहीत. किती शेतांना सरकारी पैसे (फक्त या योजनेचे नव्हे) मिळतात, हे पडताळायचंय? तिथली कृषिगणना दर पाच वर्षांनी होते. तिच्यात कौंटीनिहाय एकूण शेतं आणि सरकारी पैसे मिळालेली शेतं, दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.