पाळणाघर बघावं ते संध्याकाळी

पाळणाघर बघायला आईबाप बहुधा शनिवारी सकाळी अकराला जातात. तेव्हा फरशी नुकतीच पुसलेली असते, मुलं खाऊनपिऊन ताजी असतात आणि चालक बाई स्वतः दारात उभ्या असतात. भिंतीवरचा जिराफ बघायचा, सीसीटीव्ही मोबाइलवर दिसतो याची खात्री करायची, फी विचारायची आणि परतायचं. कोथरूड-कर्वेनगर भागात लेकीसाठी आम्ही पाच पाळणाघरं अशीच पाहिली. पाचही छान वाटली, म्हणजे बघून काही कळलंच नाही. सहाव्या ठिकाणी ऑफिसातून निघायला उशीर झाला म्हणून संध्याकाळी साडेपाचला पोचलो. जे बघायला हवं होतं ते तेव्हा दिसलं.

साडेपाचलाच का, याचं उत्तर बाळाच्या लाळेत आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतात. ताणाचं संप्रेरक म्हणून ते बदनाम असलं, तरी सकाळी शरीराला कामाला लावतं तेही हेच. पहाटे-सकाळी त्याची पातळी सगळ्यांत जास्त असते आणि संध्याकाळपर्यंत उतरत जाते. बाळाला कापसाचा बोळा चघळायला दिला की त्यात भिजलेल्या लाळेतून ती मोजता येते, सुई टोचावी लागत नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या मेगन गनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळणाघरातल्या मुलांची लाळ अशी तपासली. घरी असताना ज्या मुलांची पातळी दुपारपर्यंत उतरायची, त्यांतल्या अनेकांची पाळणाघरात उलट चढत गेलेली दिसली. २००६ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा हा फरक तीन वर्षांखालच्या मुलांत जास्त ठळक निघाला.

घाबरून जाऊ नका. ही चढण म्हणजे आजार नव्हे. दिवसभर दहा मुलांत राहायचं, खेळणं हिसकावलं गेलं तर सहन करायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, हे दीड वर्षाच्या जिवाला कष्टाचंच काम आहे. आपल्यालाही दिवसभराच्या मीटिंगांनंतर कुणी बोललेलं नको असतं. पण गनर यांच्याच गटाला आणखी एक गोष्ट आढळली. घरगुती पाळणाघरांत जिथे सांभाळणाऱ्या बाई मुलांकडे नीट लक्ष देत, त्यांच्यात रमत, तिथे ही चढण कमी होती. जिराफाचा काही संबंध नव्हता.

म्हणून दमलेल्या वेळी जायचं आणि कोपऱ्यात अर्धा तास गप्प बसायचं. मूल 'ब्बू' म्हणालं तर कुणी 'हो का, भूभू दिसला?' म्हणतं का, हे ऐकायचं. बाळाच्या आवाजाला मिळालेल्या अशा उत्तरांवरच त्याची भाषा वाढते. 'बस', 'गप', 'हात लाव बघू' हे शब्द असतात, पण ती आज्ञा झाली, गप्पा नव्हेत. लंगोट बदलताना तर मुद्दाम बघा. दिवसातून पाच-सहा वेळा ताई आणि बाळ समोरासमोर येतात ते तेवढ्याचसाठी. त्या वेळी ताई बाळाशी बोलते, की त्याच्या डोक्यावरून टीव्ही बघते?

एका ताईकडे किती मुलं, हे विचारायला लाजू नका. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या शिफारशीत वर्षाच्या आतल्या तीन बाळांमागे एक मोठं माणूस आहे. आपल्याकडे हे फार थोड्यांना परवडेल, मान्य. पण एकाच ताईकडे आठ रांगती बाळं असतील, तर ती कितीही मायाळू असली तरी हात दोनच. दुसरा प्रश्न, ही ताई इथे किती वर्षं आहे? बाळ जीव लावतं ते माणसाला. दर तीन महिन्यांनी माणूस बदललं की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आता रडण्याबद्दल, कारण पहिल्या आठवड्यात पालक खचतात ते त्यानेच. बर्लिनमध्ये पंधरा महिन्यांच्या ७० बाळांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. आई निघून गेल्यावर तासाभरात बाळांचं कॉर्टिसॉल घरच्यापेक्षा ७५ ते १०० टक्क्यांनी वर गेलं. गंमत अशी, की आईशी घट्ट, निर्धास्त नातं असलेली बाळंच आई गेल्यावर जास्त कुरकुरली, रडली. आई सोबत बसत होती त्या सुरुवातीच्या दिवसांत मात्र त्याच बाळांचं कॉर्टिसॉल इतरांपेक्षा बरंच कमी होतं. ज्या आयांनी या रुळण्यासाठी जास्त दिवस दिले, त्यांच्या मुलांचं नातं निर्धास्त राहिलं किंवा तसं झालं. तेव्हा 'सोडा आणि मागे न बघता जा, आपोआप गप्प होतं' असं सांगणाऱ्या पाळणाघराला माझा नकार. पहिला आठवडा तुम्हाला आत बसू देतात का, हे फीच्या आधी विचारा.

सर्दी होणार, सारखी होणार. अमेरिकेतल्या टक्सन शहरात संशोधक मुलांना जन्मापासून वर्षानुवर्षं तपासत राहिले, तेव्हा मोठ्या पाळणाघरातल्या मुलांना दोन वर्षांचं असताना जास्त सर्द्या झाल्या आणि शाळेत गेल्यावर कमी. भरपाई उशिरा मिळते, एवढंच.

राहिलं अंतर. अमेरिकेत १९९१ पासून हजाराहून जास्त मुलांचा माग ठेवला गेला. त्यात पाळणाघराच्या दर्जापेक्षा घरच्या वातावरणाचा परिणाम मोठा निघाला. मात्र आठवड्यातले तास खूप वाढले की हट्ट, मारामारी यांत थोडी वाढ दिसली. आपल्या हिशेबात वाकडच्या पुलाखाली अडकलेला पाऊण तासही बाळाच्याच तासांत धरायला हवा. हिंजवडीत नोकरी आणि पाळणाघर सहकारनगरात असेल, तर हा पाऊण तास रोजचाच. २०१७ साली बदललेल्या प्रसूती लाभ कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभा दिली. एचआरला एक मेल टाकून विचारायला काहीच हरकत नाही.

त्या सहाव्या पाळणाघराच्या भिंतींना साधा पांढरा चुना होता. साडेपाचला काकू जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या, मांडीवर एक पेंगुळलेलं बाळ, आणि खिडकीशी उभा असलेला मुलगा रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक रिक्षेला 'बाबा' म्हणत होता. काकू प्रत्येक वेळी मान वर करून बघत आणि म्हणत, 'नाही रे, ही नाही. पुढची बघू.'