गावी शिकणाऱ्या मुलांचा एसटी पास: कुणाला, कसा, आणि बसच वेळेवर नसेल तर

आईवडील मुंबईत नोकरीला आणि मुलं आजीआजोबांकडे गावी शाळेत, अशी घरं पुष्कळ. पाससाठी मुंबई सेंट्रल किंवा परळ आगारात चौकशी करत बसू नका. हे काम शाळा आणि तिच्या भागातलं आगार यांच्यात होतं. 16 जून 2025 पासून महामंडळाने पास थेट शाळेत देण्याची मोहीम सुरू केली आहे. त्यासाठी मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांची यादी आगाराला द्यायची असते. यादीत मुलाचं नाव आहे ना, एवढं फोनवर विचारून घ्या.

ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास मोफत. मुलांना 66.67 टक्के सवलत, म्हणजे तिसरा हिस्सा भरायचा. 25 जानेवारी 2025 ला भाडं 14.95 टक्के वाढलं, तसा हा हिस्साही वाढला. मजुराच्या घरी ही रक्कम जड जाते. बारावीपर्यंत मुलांनाही पास मोफतच हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे. बारावीनंतर मुलींनी हिशेब करावा: महिलांचं अर्धं तिकीट रोज काढण्यापेक्षा, कॉलेजला नियमित जात असाल तर सवलतीचा पास स्वस्त पडतो.

कागदपत्रं थोडीच: शाळेच्या सही-शिक्क्याचा अर्ज किंवा बोनाफाईड, आधारची प्रत, पासपोर्ट आकाराचे फोटो. अडतं ते पत्त्यावर. आधारवर मुंबईचा पत्ता असेल तर बोनाफाईडवर सध्याचा गावचा पत्ता लिहून घ्या. दुसरी गफलत थांब्याच्या नावाची. वाडीचं नाव नको, एसटीच्या तिकिटावर छापून येतं तेच नाव अर्जात हवं. वाटेत बस बदलावी लागत असेल तर तेही अर्जात लिहा, नाहीतर पास अर्ध्याच वाटेचा होतो. आणि मुदत संपण्याआधी दोन-तीन दिवस नूतनीकरणाला द्या. जुना पास दाखवून वाहक बसू देईलच असं नाही.

पण शाळा अकराला आणि बस साडेबाराला असेल तर पास असून काय उपयोग? फेरी मागायची तर आगार व्यवस्थापकांच्या नावे अर्ज करा. सोबत शाळेचं वेळापत्रक, ग्रामपंचायतीचा ठराव आणि थांब्यानुसार पासधारकांची संख्या जोडा. ही संख्या सगळ्यांत वजनदार, म्हणून मोफत असला तरी प्रत्येक मुलीने पास काढलाच पाहिजे. पास नसेल तर ती या आकड्यात येतच नाही. नवी बस मागण्यापेक्षा चालू फेरीची वेळ पुढेमागे करून मागा, ते लवकर मान्य होण्याजोगं असतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

बस थांब्यावर न थांबता गेली तर तारीख, वेळ, मार्ग आणि गाडीचा क्रमांक लिहून त्याच दिवशी स्थानकातल्या वाहतूक नियंत्रकाकडे लेखी तक्रार द्या. महिनाभराच्या अशा नोंदी फेरीच्या अर्जालाही जोडता येतात.