वॉकरबाईंच्या बाहुल्या आणि ‘पेटंटपूर्व’ शब्दाचा घोळ

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या सेंट्रल फॉल्सच्या आयझाना वॉकर (१८१७–१८८८) यांच्या कापडी बाहुल्यांना ४ नोव्हेंबर १८७३ रोजी पेटंट मिळाले, क्रमांक १,४४,३७३. खळीत भिजवलेल्या स्वस्त सुती कापडाचे थर साच्यात दाबायचे, वर होजिअरीचे कापड ताणून बसवायचे आणि तैलरंगात चेहरा रंगवायचा, अशी ही पद्धत. मूल बाहुलीवर पडले तरी त्याला लागणार नाही, हेही पेटंटच्या मजकुरात आवर्जून नोंदवले आहे.

वाद आहे तो त्याआधीच्या वर्षांचा. बाईंनी १८४० च्या दशकातच बाहुल्या करायला सुरुवात केली, असे संग्राहकांमध्ये सांगितले जाते. लिलावात म्हणूनच ‘पेटंटपूर्व’ हा शब्द सर्रास दिसतो. पण १८७० च्या पेटंट कायद्यानुसार, अर्जाआधी दोन वर्षांहून जास्त काळ विक्रीत असलेल्या वस्तूला पेटंट मिळत नसे. मग बाई तीस वर्षे बाहुल्या विकत होत्या, असे म्हणायचे कसे? एक बाजू म्हणते, जुन्या तारखा सगळ्या खोट्या. दुसरी म्हणते, पेटंट साच्याच्या पद्धतीचे आहे, बाहुली त्याआधीही असू शकते. ‘पेटंटपूर्व’ म्हणजे १८७२ की १८४५, हे मात्र कोणीच स्पष्ट करत नाही, आणि विकणाऱ्याला ते सोयीचेच असते.

जनगणनेचे कागद इथे अर्धवटच मदत करतात. १८५० मध्ये घरातल्या प्रत्येकाचे नाव पहिल्यांदा लिहिले गेले, पण व्यवसाय फक्त पंधरा वर्षांवरील पुरुषांचा विचारला. बायकांच्या व्यवसायाचा प्रश्न १८६० मध्ये आला. त्यामुळे १८५० च्या पानावर ‘बाहुल्या करते’ अशी नोंद नाही, याचा अर्थ काहीच निघत नाही. १८६५ च्या राज्य जनगणनेत मात्र बाईंचा व्यवसाय बाहुल्या बनवणे असा लिहिलेला आहे. पेटंटच्या आठ वर्षे आधी! माझ्या मते ‘सगळ्या खोट्या’ हा दावा इथेच लंगडा पडतो.

कुटुंब शोधताना वेगळीच अडचण येते. बाई अविवाहित, बहिणींसोबत राहणाऱ्या. आडनाव बदलले नाही, एवढी सोय. पण सेंट्रल फॉल्स १८७१ पर्यंत स्मिथफील्ड गावाच्या हद्दीत होते, नंतर लिंकन गावाच्या हद्दीत गेले आणि १८९५ मध्ये स्वतंत्र शहर झाले. घर तेच, दप्तर मात्र बदलत गेले. बाईंचे नावही इसाना, आयझाना असे कसेही लिहिलेले सापडते.

शेजारच्या पॉटकेटमधल्या एका डॉक्टरांच्या पत्नीने १८८९ च्या सुमारास स्वतःच्या कापडी बाहुल्या सुरू केल्या. लहानपणी तिच्याकडे वॉकरबाईंची बाहुली होती, असे म्हणतात. तिचा जन्म १८५१ चा. ही आठवण खरी धरली, तर बाहुलीचा काळ १८५० च्या दशकात, फार तर १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला जातो.