शालू आणि शेला : दुकानात जुळलेले रंग मांडवात का जुळत नाहीत?

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी पुतण्याचे लग्न झाले. होणाऱ्या सुनेचा शालू वांगी रंगाचा ठरला होता, आणि त्याला जुळणारा नवरदेवाचा शेला व फेट्याचे कापड निवडण्यासाठी घरातल्या पाच जणांनी एक संपूर्ण दुपार दुकानात घालवली होती. तिथल्या पांढऱ्या दिव्यांखाली शेला शालूवर पसरला, तेव्हा एक कापड कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते हे सांगता येऊ नये इतके दोन्ही रंग एक झाले होते. लग्नाच्या दिवशी वधूवर उघड्यावरच्या बोहल्यावर उन्हात उभे राहिले, आणि शालू निळसर वांगी, तर शेला तपकिरीकडे झुकलेला आमसुली दिसू लागला. दुकानदाराने कापड बदलून दिले, अशी वहिनींची खात्रीच झाली. मात्र संध्याकाळी स्वागत समारंभात, सभागृहातल्या दिव्यांखाली, तेच शालू आणि शेला पुन्हा तंतोतंत जुळलेले पाहिले, तेव्हा दुकानदाराचा यात काही दोष नाही हे स्पष्ट झाले.

लग्नातले रंग ठरवताना आपण सगळे एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे रंग हा कापडात असतो. वस्तुतः कापडात असते ते फक्त रंगद्रव्य, आणि ते रंगद्रव्य अंगावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग शोषते व उरलेला परत पाठवते. पांढऱ्या प्रकाशात अनेक रंग मिसळलेले असतात, हे न्यूटनने लोलकाच्या साहाय्याने दाखवले आणि 1672 मध्ये प्रसिद्ध केले, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण 380 ते 730 नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. एखादे कापड कोणत्या तरंगलांबीचा किती टक्के प्रकाश परत पाठवते हे दर दहा नॅनोमीटरला मोजले, तर 36 आकड्यांची एक यादी तयार होते. कापडाची खरी ओळख म्हणजे ही यादी.

डोळा मात्र ही यादी वाचत नाही. आपल्या दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्या अनुक्रमे साधारण 420, 530 आणि 560 नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, पण प्रत्येकीची संवेदनशीलता बऱ्याच रुंद पट्ट्यावर पसरलेली असते. प्रत्येक पेशी आपल्यापर्यंत आलेल्या सगळ्या प्रकाशाची केवळ एक बेरीज करते, आणि ती बेरीज कोणकोणत्या तरंगलांबींतून जमली याची नोंद तिच्यापाशी राहत नाही. म्हणजे 36 आकडे आत जातात आणि तीनच बाहेर पडतात. एवढी माहिती गाळली गेल्यावर, दोन अगदी वेगळ्या याद्यांमधून तेच तीन आकडे निघण्याची शक्यता असणारच, आणि तसे घडते तेव्हा मेंदूच्या दृष्टीने ते दोन्ही रंग एकच असतात. या घटनेला मेटामेरिझम म्हणतात, आणि माझ्या मते रंगविज्ञानात याहून सुंदर गोष्ट दुसरी नाही.

बाजारातल्या दोन पिशव्यांचे उदाहरण घेऊ. एका पिशवीत 30 रुपये किलोचे दोन किलो कांदे आणि 40 रुपयांचे एक किलो टोमॅटो आहेत. दुसरीत 25 रुपये किलोचे दोन किलो बटाटे आणि 50 रुपयांची एक किलो वांगी आहेत. दोन्हींचे बिल शंभर रुपये होते. ज्याला केवळ बिल दिसते, पिशवीतला माल दिसत नाही, तो या दोन पिशव्या सारख्याच आहेत असे म्हणेल. पुढच्या आठवड्यात कांदा 50 रुपयांवर गेला, की पहिल्या पिशवीचे बिल 140 होते आणि दुसरीचे शंभरच राहते. माल दोन्हीकडे तोच आहे, बदलला तो भाव. पिशवीतली वजने म्हणजे कापडाची 36 आकड्यांची यादी, भाव म्हणजे दिव्याच्या प्रकाशातले प्रत्येक तरंगलांबीचे प्रमाण, आणि बिल म्हणजे शंकुपेशीची बेरीज. दुकानातल्या दिव्याच्या भावाने शालूचे आणि शेल्याचे बिल योगायोगाने सारखे आले होते. उन्हाचा भाव वेगळा निघाला. डोळ्याकडे अशी तीन बिले एकाच वेळी तयार होत असतात, एवढाच काय तो फरक.

गणिताची आवड असलेल्या वाचकांसाठी थोडे पुढे जातो. शालूच्या यादीतून शेल्याची यादी वजा केली, तर उरणाऱ्या फरकाचे काही आकडे धन आणि काही ऋण असतात, आणि दुकानाच्या दिव्याखाली तिन्ही शंकुपेशींच्या दृष्टीने त्या फरकाची बेरीज शून्य भरते. 36 अज्ञातांवर फक्त तीन समीकरणांची बंधने असल्यामुळे असा अदृश्य फरक 33 स्वतंत्र दिशांनी निर्माण होऊ शकतो. दिवा बदलला की तिन्ही समीकरणांचे सहगुणक बदलतात आणि तोच फरक एकदम दृश्य होतो.

आता प्रश्न असा की या याद्या मुळात वेगळ्या का असतात? शालू रेशमाचा होता, शेला पॉलिस्टरच्या कृत्रिम रेशमाचा, आणि फेटा सुती. रेशीम हे प्रथिन असल्यामुळे त्यावर प्रामुख्याने ॲसिड रंग बसतात, पॉलिस्टरला डिस्पर्स रंग लागतात, आणि सुताला बहुधा रिॲक्टिव्ह रंग देतात. रेणूच वेगळे असल्यामुळे, एकच छटा आणण्यासाठी रंगाऱ्याला प्रत्येक कापडावर वेगळे मिश्रण तयार करावे लागते. वांगी, जांभळा, राखाडी, तपकिरी अशा मिश्र छटांमध्ये हा धोका सर्वाधिक असतो, कारण त्या दोन-तीन रंगद्रव्ये मिसळून साधलेल्या असतात. म्हणूनच कापड रंगवणाऱ्या कारखान्यांत शेड जुळवण्यासाठी एक पेटी ठेवलेली असते; तिच्यात 6500 केल्व्हिनचा दिवसासारखा प्रकाश, दुकानी ट्यूबचा प्रकाश आणि टंगस्टन दिव्याचा पिवळा प्रकाश आळीपाळीने लावून नमुना तपासतात.

यात आजच्या एलईडी दिव्यांची भर पडली आहे. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीमध्ये 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश निर्माण होतो, आणि त्यातला काही भाग पिवळ्या प्रकाशात बदलणारा एक थर त्यावर असतो. परिणामी त्याच्या वर्णपटात निळ्याचे एक उंच टोक, 480 च्या सुमारास खोलगट भाग, पिवळ्याचा रुंद उंचवटा आणि गडद लालकडे उतरण असते. दिव्याच्या खोक्यावर रंगदर्शनाचा निर्देशांक, म्हणजे त्या दिव्याखाली रंग कितपत खरे दिसतात याचे माप, म्हणून 80 हा आकडा छापलेला असला, तरी तो आठ सौम्य रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो आणि त्यात ठळक लाल धरलेला नसतो. डाळिंबी शालू आणि कुंकवाने भरलेला मळवट ज्या सोहळ्याच्या केंद्रस्थानी असतात, तिथे हे फार महत्त्वाचे आहे. पांढऱ्या सुती सदऱ्याचेही असेच आहे. त्यातली चकाकी वाढवणारी द्रव्ये उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश टाकतात, आणि शेजारचे मोतिया रंगाचे रेशमी सोवळे उगाच पिवळट वाटू लागते. एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसल्याने हा फरक सभागृहात कमी होतो.

गोरज मुहूर्तावर उघड्या मैदानात लग्न असेल, तर आणखी एक परिणाम लक्षात ठेवावा. प्रकाश मंदावतो तसे डोळ्याचे काम शंकुपेशींकडून दंडपेशींकडे सरकते. उजेडात डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, तर अंधारात 507 च्या सुमारास. त्यामुळे दिवे लागण्यापूर्वीच्या संधिप्रकाशात लाल शालू काळपट होतो आणि हिरवा चुडा व मोरपंखी काठ उठून दिसतात. या परिणामाला पुर्किंये या शास्त्रज्ञाचे नाव आहे.

एवढे सगळे असताना, वधूवरांच्या राशींवरून 'लाभदायक' रंग ठरवून देणाऱ्यांकडे लोक पैसे मोजतात याचे मला मनापासून वाईट वाटते. जन्मकाळी ग्रह कुठे होते याचा कापडावरच्या रेणूशी किंवा शंकुपेशीशी काहीही संबंध नाही. काळा रंग लग्नात अशुभ असल्याचे सांगून घाबरवणाऱ्यांनी मंगळसूत्रातले काळे मणी आठवावेत. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला हौसेने काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घालणारा समाजही आपलाच आहे. अमुक रंगसंगतीने संसारात प्रेम वाढते अशा जाहिराती तर त्याहूनही निराधार आहेत.

व्यवहारात याचा अर्थ असा की आधी मुख्य विधी कोणत्या प्रकाशात होणार हे ठरवावे आणि मग रंग निवडावेत. साडी दुकानाच्या दारापर्यंत नेऊन 'उजेडात बघू' म्हणणाऱ्या आमच्या आत्या पूर्णपणे शास्त्रशुद्ध वागत होत्या. अगदी एकसारख्या छटेचा आग्रह सोडून ठळक विरोधी रंग घेतले तर मेटामेरिझमचा प्रश्नच उरत नाही, कारण हिरव्या शालूवर डाळिंबी शेला थोडा इकडेतिकडे झाला तरी कोणाच्या नजरेत येत नाही.

धाकट्या पुतणीच्या लग्नासाठी मात्र घरच्यांना एकच छटा हवी होती. म्हणून यंदा येवल्याच्या विणकराला विनंती करून पैठणी आणि शेला दोन्ही एकाच वेळी रंगवलेल्या एकाच रेशमातून विणून घेतले. दोन्हींची यादी एकच असल्यामुळे दिव्याचा भाव कोणताही लागला तरी बिल सारखेच येणार होते. घरी आल्यावर वहिनींनी ती जोडी गच्चीवरच्या उन्हात, स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली आणि देवघरातल्या जुन्या पिवळ्या बल्बखाली धरून पाहिली. तिन्ही ठिकाणी ती जुळली.