सरकारी आयटी पुन्हा खात्यात घेणं (ब्रिटन)

बाहेरच्या कंपनीला दिलेलं कॉम्प्युटरचं काम, आणि बरेचदा ते करणारी माणसंही, सरकारी खात्याने परत स्वतःकडे घेणं म्हणजे इनसोर्सिंग.

याची सुरुवात कधीपासून धरायची याला तीन तारखा पुढे येतात. एक म्हणजे इंटरनेट उद्योजिका मार्था लेन फॉक्स यांनी २०१० मध्ये सरकारला दिलेलं शिफारशींचं पत्र, ज्यातून २०११ मध्ये गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस हे सरकारचं स्वतःचं डिजिटल पथक उभं राहिलं. दुसरी, २०११ मधलाच संसदीय समितीचा अहवाल, ज्यात मोजक्या बड्या कंपन्यांच्या मक्तेदारीवर सडकून टीका होती. तिसरी जानेवारी २०१४, जेव्हा अपवाद सोडून १० कोटी पौंडांच्या वरचं आयटी कंत्राट नको, आपोआप मुदतवाढ तर नाहीच, असे नियम आले. तिन्हीत तथ्य आहे, पण प्रत्यक्ष काम परत आलं ते मुख्यतः जुन्या कंत्राटांची मुदत संपत आली तेव्हा, त्यामुळे धोरणाच्या कागदांपेक्षा करारांच्या तारखा जास्त भरवशाच्या वाटतात.

यातलं सगळ्यात मोठं उदाहरण करखात्याचं. इनलँड रेव्हेन्यूने, म्हणजे तेव्हाच्या करखात्याने, १९९४ मध्ये आयटी ईडीएस या कंपनीला दिलं, २००४ मध्ये ते ‘अस्पायर’ कंत्राटाने कॅपजेमिनी या कंपनीकडे गेलं, २००५ मध्ये खातंच कस्टम्सबरोबर विलीन होऊन एचएमआरसी झालं आणि २०१७ मध्ये अस्पायर संपलं. पहिल्या दहा वर्षांतच यावर ७.९ अब्ज पौंड गेले, त्यात पुरवठादारांचा नफा १.२ अब्ज, असं सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने २०१४ मध्ये मांडलं. माणसं परत घ्यायला एचएमआरसीने साधारण २०१५ च्या सुमारास आरसीडीटीएस नावाची स्वतःच्या मालकीची वेगळी कंपनी काढली, म्हणजे ती खात्याकडे आली खरी पण सरकारी नोकर म्हणून नाही. अशा बदल्या ‘टुपी’ नियमांखाली होतात, नोकरीच्या अटी आणि जुनी सेवा बरोबर येते, त्यामुळे १९९४ पासून टिकलेल्या एखाद्या प्रोग्रामरचं काम तेच राहून फक्त पगाराच्या स्लिपवरचं नाव बदलत गेलं असणार.

स्वान्सीच्या डीव्हीएलएने, म्हणजे तिथल्या आरटीओसारख्या खात्याने, २००२ पासून आयबीएमकडे असलेलं काम सप्टेंबर २०१५ मध्ये परत घेतलं.

स्थानिक पातळीवर लिव्हरपूल महापालिकेने बीटीबरोबरची भागीदारी कंपनी साधारण २०१५ च्या आसपास आपल्याकडे घेतली, सॉमरसेट काउंटीनेही आयबीएमबरोबरचं ‘साउथवेस्ट वन’ गुंडाळलं. पूर्ण ‘घरचं’ मात्र कुठेच झालेलं नाही, एचएमआरसीची काही कामं २०१७ नंतरही कॅपजेमिनी आणि अस्पायरमधली दुसरी कंपनी फुजित्सू यांच्याकडेच राहिली.