डीओआय टाकला की संदर्भसूची बिनचूक होते? नाही

झोटेरो किंवा मेंडेली या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळखक्रमांक) टाकला की संदर्भ तपासावाच लागत नाही, हा समज चुकीचा आहे. सॉफ्टवेअर फक्त मांडणी करते. माहिती प्रकाशकाने नोंदवलेली असते, चुकांसकट.

सर्वाधिक घोळ शीर्षकात होतो. एपीए या संदर्भशैलीच्या ७व्या आवृत्तीत लेखाच्या इंग्रजी शीर्षकातला पहिला शब्द, उपशीर्षकाचा पहिला शब्द आणि विशेषनामे एवढीच मोठ्या अक्षराने सुरू होतात. प्रकाशकाकडून मात्र अनेकदा प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने येतो. विशेषनाम कोणते हे प्रोग्रॅमला कळत नाही, म्हणून शैली ते आपोआप सुधारत नाही. झोटेरोत शीर्षकावर राइट-क्लिक करून ‘सेंटेन्स केस’ निवडा, मग विशेषनामे हाताने तपासा. ही पायरी टाळूच नका.

लेखक म्हणून संस्था असेल तर नाव एकाच रकान्यात ठेवा. नाहीतर ‘वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन’चे आडनाव ‘ऑर्गनायझेशन’ होते!

दुरुस्ती नेहमी सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत (साठवलेल्या संदर्भांच्या संग्रहात) करा आणि वर्डमध्ये ‘रिफ्रेश’ दाबा. थेट वर्डच्या सूचीत केलेले बदल पुढच्या रिफ्रेशला पुसले जातात. ‘अनलिंक’ केल्यावर वर्डमधल्या संदर्भांचा सॉफ्टवेअरशी असलेला दुवा कायमचा तुटतो, म्हणून आधी फाइलची प्रत ठेवा.